अग्निसुरक्षेची पदवी : साडेअकरा लाखांचा हिशेब

मुलीची बारावी झाली तेव्हा, म्हणजे २०१७ च्या जूनमध्ये, मी एक शंभर पानी वही घातली आणि तिच्या पुढच्या शिक्षणावर झालेला प्रत्येक खर्च, बसच्या तिकिटापासून सत्र शुल्कापर्यंत, तीत तारखेसह लिहीत गेलो. तिने घेतलेली पदवी होती फायर अँड सेफ्टी इंजिनिअरिंगची बी.टेक. आज त्या वहीच्या आधारे या पदवीचे परीक्षण लिहितो आहे. ही पदवी वाईट नाही, मात्र ती ज्या किमतीला आणि ज्या आश्वासनावर विकली जाते त्या किमतीची ती प्रत्येक ठिकाणी नाही, असे माझे मत झाले आहे.

मी तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात देखभाल विभागात सव्वीस वर्षे काढली आहेत. आमच्या कारखान्यात कोणतेही वेल्डिंगचे काम सुरू करायचे असेल तर हॉट वर्क परमिटवर सुरक्षा अधिकाऱ्याची सही लागते, आणि ती सही नसेल तर मोठ्या साहेबांनी सांगितले तरी ठिणगी पडत नाही. त्या सहीचा दरारा मी इतकी वर्षे पाहिला होता. मुलीने अग्निसुरक्षेचे नाव काढले तेव्हा आपण चार वर्षांचे शिक्षण नव्हे, तर त्या सहीचा हक्कच विकत घेत आहोत, असे मी मनाशी धरून चाललो. ही समजूत चुकीची होती, आणि ती दुरुस्त व्हायला सात वर्षे लागली.

या शाखेसाठी पहिले नाव घ्यावे ते नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाचे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील ही संस्था १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूर येथे सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आली. देशभरातल्या अग्निशमन दलांचे अधिकारी तिथे घडतात आणि अभियांत्रिकीची पदवीही तिथे मिळते. शासकीय संस्था असल्यामुळे शुल्क खासगी महाविद्यालयांच्या मानाने बरेच कमी पडते. कवायत, होज ड्रिल, धुराच्या खोलीतून माणूस बाहेर काढण्याचा सराव ही सगळी शिस्त तिथल्या शिक्षणाचाच भाग आहे. २००२ मध्ये तिथे प्रवेश घेणाऱ्या नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर या त्या महाविद्यालयातल्या पहिल्या विद्यार्थिनी होत, आणि त्या पुढे ओएनजीसीत अग्निशमन सेवेत रुजू झाल्या. माझ्या मुलीने त्यांच्याविषयी शाळेत असताना वाचले होते, या शाखेच्या तिच्या हट्टाचे मूळ तिथे होते. परंतु नागपूरला शारीरिक पात्रतेचे निकष आहेत, मुलींसाठी उंची १५७ सेंटीमीटर लागते, आणि आमच्या कन्येची उंची १५४ आहे. तीन सेंटीमीटरने ते दार बंद झाले. ज्यांच्या घरी या शाखेचा विचार चालू आहे त्यांनी गुणपत्रिकेच्या आधी टेप काढावा, हे मी गांभीर्याने सांगतो.

दुसरे चांगले ठिकाण कोचीचे. तिथल्या कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात सेफ्टी अँड फायर इंजिनिअरिंगची बी.टेक. पदवी अनेक वर्षांपासून दिली जाते आणि उद्योगांत तिला मान आहे. त्यांच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षेत मुलीचा क्रमांक पुरेसा वर आला नाही. मग उरली खासगी महाविद्यालये, आणि त्यांतल्या एका परराज्यातल्या महाविद्यालयात तिने प्रवेश घेतला. त्याचे नाव इथे घेत नाही. एका बापाच्या अनुभवावरून संस्थेला बट्टा लावणे बरे नव्हे, आणि पुढे सांगणार आहे त्यातले बहुतेक दोष त्या एकाच संस्थेचे नाहीत.

आता वही उघडतो. शिकवणी शुल्क वर्षाला १,३५,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ५,४०,०००. वसतिगृह आणि खाणावळ तीन वर्षे ८२,००० रुपयांप्रमाणे आणि चौथ्या वर्षी निम्मे, एकूण २,८७,०००. परीक्षा शुल्क, गणवेश, सुरक्षा बूट आणि पुस्तके ४६,०००. लॅपटॉप ४८,०००. घरी येण्याजाण्याचा प्रवास ४१,०००. दोन उन्हाळ्यांतल्या औद्योगिक प्रशिक्षणाच्या वेळी राहण्याखाण्याचे ३६,०००. बेरीज ९,९८,००० रुपये. यांपैकी सहा लाख रुपये बँकेकडून साडेदहा टक्क्यांनी घेतले होते, दरवर्षी दीड लाख याप्रमाणे, आणि पदवी हातात पडेपर्यंत त्याचे व्याज १,५७,५०० रुपये झाले, ते मी वेळच्या वेळी भरले. म्हणजे पदवीची खरी किंमत ११,५५,५०० रुपये. माहितीपत्रकात छापलेला आकडा आणि हा आकडा यांत दुपटीहून अधिक अंतर आहे, कारण माहितीपत्रकात फक्त शिकवणी शुल्क असते.

या पैशात काय मिळाले? अभ्यासक्रम चांगला होता, हे आधी कबूल केले पाहिजे. पहिले वर्ष सगळ्या अभियांत्रिकी शाखांसारखेच जाते. दुसऱ्या वर्षापासून ज्वलनाचे रसायन, द्रवगतिकी, उष्णतेचे वहन, आग लागलेल्या खोलीत धूर कसा साठतो आणि किती वेळात डोक्याच्या पातळीखाली उतरतो, स्प्रिंकलरच्या नळ्यांचे गणित, राष्ट्रीय इमारत संहितेचा २०१६ चा चौथा भाग, असे विषय येतात. सुट्टीत घरी आली की मुलगी जेवताजेवता हॉटेलचे दरवाजे मोजायची. साधारण वापराच्या इमारतीत जिन्याची रुंदी प्रत्येक माणसामागे १० मिलिमीटर आणि सपाट वाटेची ६.५ मिलिमीटर धरायची असते, हे मला तिच्याकडून कळले. तीनशे माणसांच्या सभागृहातून खाली उतरायला एकंदर तीन मीटर रुंदीचे जिने हवेत, आणि आमच्या गावातल्या लग्नाच्या हॉलला जेमतेम दीड मीटरचा एकच जिना आहे, हे तिने पंगतीत बसून सांगितले होते. त्यानंतर त्या हॉलमध्ये जेवताना माझा घास जड होतो. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री गोव्यातल्या हडफडे येथील नाइटक्लबला आग लागून २५ जणांचा बळी गेला, ती बातमी वाचताना मला तिचे मिलिमीटरच आठवले. असे डोळे देणारे शिक्षण फुकट गेले, असे मी म्हणणार नाही.

मात्र प्रात्यक्षिकांचा भाग सांगण्यासारखा नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा ती तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या सत्रात होती, आणि तिथून पुढचा बराचसा काळ तिने बोईसरच्या आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर काढला. होज अंथरणे, ब्रांच पाइप (होजच्या तोंडाची नळी) सांभाळून धरणे, श्वसनयंत्र लावून धुरात शिरणे, या गोष्टी तिने लॅपटॉपच्या पडद्यावर पाहिल्या. एका प्रात्यक्षिक परीक्षेत तिला आगविझवणीचे सिलिंडर ‘हाताळून दाखवा’ असे सांगण्यात आले, तेव्हा तिने माझ्या गाडीतले छोटे सिलिंडर कॅमेऱ्यासमोर धरले आणि पिन न काढता काढल्याचा अभिनय केला. त्या विषयात तिला ९१ गुण मिळाले. त्या काळात सगळीकडेच असे झाले हे मान्य, तरी प्रयोगशाळेचे शुल्क पूर्ण घेतले आणि रिकाम्या वसतिगृहाचे निम्मे घेतले, ही नोंद माझ्या वहीत लाल शाईने आहे.

पदवी मिळाली ती २०२१ मध्ये, आणि नोकरीही लगेच मिळाली. त्यामागचे कारण दुःखद होते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बालके गेली, एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयातही आगीत रुग्ण गेले, आणि राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. तपासणी करणाऱ्या एजन्सींना माणसे कमी पडू लागली. मुलीला अशाच एका लायसन्स असलेल्या एजन्सीने घेतले. पगार एकवीस हजार, हातात १८,९००.

या नोकरीतला एक प्रसंग तिने सांगितला तो इथे देतो, कारण पदवीचा खरा उपयोग आणि तिची खरी मर्यादा दोन्ही त्यात आहेत. भिवंडीजवळच्या एका मोठ्या गोदामात ती तपासणीला गेली होती. पंप हाऊसमध्ये तीन पंप असतात : नळ्यांमधला दाब टिकवून ठेवणारा छोटा जॉकी पंप, प्रत्यक्ष आगीच्या वेळी चालणारा विजेचा मेन पंप आणि वीज गेली तर चालणारा डिझेल पंप. दाब उतरला की ते आपोआप क्रमाने सुरू व्हायला हवेत. तिथे दाबमापकावर सात किलो दिसत होते, पॅनेलला नवा रंग होता, सगळे ठाकठीक दिसत होते. तिने सोबतच्या माणसाला सर्वांत दूरचा हायड्रंट, म्हणजे आगीसाठी पाणी घेण्याचा नळ, उघडायला सांगितले. पाण्याचा फवारा दहा-बारा सेकंद नीट उडाला, मग मलूल झाला, आणि काटा शून्यावर येऊन थांबला तरी एकही पंप सुरू झाला नाही. तिन्ही स्विच ‘मॅन्युअल’वर होते. पंप ऑपरेटर मनाने सरळ होता, त्याने कारण सांगून टाकले, “मॅडम, ऑटोवर ठेवले की जॉकी रात्रभर चालू-बंद होत राहतो, शेजारच्या खोलीत झोप लागत नाही.”

इथवरचे निरीक्षण कोणीही जाणता फिटर करू शकला असता. पुढचे तिने केले. जॉकी वारंवार चालतो याचा अर्थ जमिनीखालची नळी गळते आहे, हे तिने ओळखले. गोदामाभोवती फिरवलेल्या नळीच्या रिंगवरचे व्हॉल्व्ह एकामागून एक बंद करून दाब किती मिनिटांत उतरतो याच्या नोंदी तिने घेतल्या आणि दुपारपर्यंत गळतीचा टप्पा चाळीस मीटरांच्या आत आणून दाखवला. हे तिला तिसऱ्या सत्रातल्या द्रवगतिकीने शिकवले होते. अहवाल तिने सहा पानी लिहिला. मालकाला अहवाल नको होता, त्याला ‘फॉर्म बी’ हवा होता.

हा फॉर्म काय आहे ते थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतली आगविझवणीची यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची असते, आणि ती तशी असल्याचे प्रमाणपत्र लायसन्स असलेल्या एजन्सीने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यायचे असते. तेच ‘फॉर्म बी’. त्यावर सही असते एजन्सीची. गळती शोधणाऱ्या बी.टेक. मुलीचे नाव त्या कागदावर कुठेच येत नाही. दर जानेवारीत आणि जुलैत अशा कामांचा पूर येतो, एजन्सी एकमेकींच्या खाली दर लावतात, आणि त्या दरात तपासणीला येणाऱ्या अभियंत्याला एकवीस हजारांहून अधिक देणे त्यांना परवडत नाही. मुलगी मला म्हणाली, “बाबा, मी दिवसाला तीन इमारती बघते, पण माझी सही फक्त हजेरीपुस्तकात असते.”

पहिल्या चोवीस महिन्यांत तिच्या हातात आले ४,५३,६०० रुपये. ठाण्याला खोलीचा वाटा आणि जेवण मिळून महिन्याला अकरा हजार जात, उरत ७,९००. फेब्रुवारी २०२२ पासून कर्जाचा हप्ता सुरू झाला तो १०,११६ रुपयांचा. वरचे २,२१६ रुपये मी भरत होतो. रक्कम मोठी नव्हती, पण अभियंता झालेल्या मुलीच्या हप्त्याला बापाने महिन्याला सव्वादोन हजार जोडायचे, हे तिला फार लागत असे.

आता त्या सहीकडे येतो, जिच्यासाठी मी हा खटाटोप केला होता. कारखान्यातला सुरक्षा अधिकारी ही कायद्याने निर्माण केलेली जागा आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४०-ब नुसार हजार किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना, आणि धोकादायक प्रक्रिया असल्यास त्याहून लहान कारखान्यांनाही, असा अधिकारी नेमावा लागत असे. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा ५०० कामगारांवर आणि धोकादायक प्रक्रियेसाठी २५० वर आणली आहे. मागणी कायद्यातून येते म्हणून पगारही बरा असतो. परंतु या पदाची पात्रता वाचून पाहिली तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो. अभियांत्रिकीच्या कोणत्याही शाखेची पदवी आणि कारखान्यातला दोन वर्षांचा अनुभव, किंवा पदविका आणि पाच वर्षांचा अनुभव, त्यावर राज्य शासनाने मान्य केलेली औद्योगिक सुरक्षेची पदविका, आणि स्थानिक भाषेचे पुरेसे ज्ञान. ‘कोणत्याही शाखेची’ हे दोन शब्द कोणत्याही माहितीपत्रकात मला दिसले नव्हते. जिथे अर्ज केला त्या कारखान्यांनी तिच्या पदवीच्या नावात ‘सेफ्टी’ असूनही वेगळी पदविका मागितली. पदवीला आपल्या राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची या कामासाठी मान्यता आहे का, हा प्रश्न प्रवेशाच्या दिवशी विचारायचा असतो. तो मी २०२३ मध्ये विचारला.

मग तिने नोकरी सोडून एका वर्षाची औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका केली. महाराष्ट्रात ती राज्य तंत्रशिक्षण मंडळाशी संलग्न संस्थांमधून होते, मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेतही अशाच स्वरूपाचा वर्षभराचा अभ्यासक्रम चालतो. शुल्क आणि पुस्तके मिळून ५८,००० रुपये लागले. वर्षभर पगार नव्हता, त्यामुळे बारा हप्त्यांचे १,२१,३९२ रुपये माझ्याकडून गेले. पण या एका वर्षाबद्दल तक्रार नाही. शिकवणारे कारखान्यांत आयुष्य घालवलेले होते, अपघातांची चौकशी कशी करायची हे त्यांनी स्वतः केलेल्या चौकश्यांवरून शिकवले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिला एका मध्यम आकाराच्या रासायनिक कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून नेमणूक मिळाली. हातात ४७,००० रुपये येतात. ५८,००० रुपयांच्या एका वर्षाने पगार अडीचपट केला, जे साडेअकरा लाखांच्या चार वर्षांना जमले नव्हते. अर्थात ही तुलना पूर्ण न्याय्य नाही, कारण पदवी नसती तर दोन वर्षांच्या अनुभवावर तिला पदविकेला बसता आले नसते. तरीही पदविकेच्या वर्गात तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्याने दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनातून केमिकलची तीन वर्षांची पदविका केली होती आणि पाच वर्षे कारखान्यात पाळ्या केल्या होत्या. दोघांचेही वय पंचवीस होते, दोघेही आज त्याच पदावर जवळपास त्याच पगारात आहेत. त्याच्या डोक्यावर कर्ज नाही आणि पाच वर्षांचा पगार त्याच्या घरात आलेला आहे. वाचणाऱ्याने हा परिच्छेद पुन्हा वाचला तरी चालेल.

दुसरा हिशेब दारांचा. मेकॅनिकलची पदवी असलेला मुलगा गेट या अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय परीक्षेला आपल्या विषयात बसतो, राज्य सेवेच्या अभियांत्रिकी जागांचे अर्ज भरतो, आणि पुढे मन झाले तर सुरक्षेची पदविका करून या क्षेत्रातही येतो. अग्निसुरक्षेच्या पदवीधराला उलट वाट नाही. गेटमध्ये अग्निसुरक्षेची प्रश्नपत्रिकाच नाही. भारतीय विमानपत्तन प्राधिकरणाची अग्निशमन सेवेतल्या कनिष्ठ कार्यकारी पदाची जागा ही या शाखेच्या मुलांची स्वप्नातली नोकरी, मूळ वेतन ४०,००० पासून सुरू होते, पण तिथेही फायरबरोबर मेकॅनिकल आणि ऑटोमोबाइलचे पदवीधर पात्र असतात. म्हणजे खास आपल्यासाठी राखलेली म्हणून जी रांग वाटते तिच्यात मोठ्या शाखांची मुले आधीच उभी असतात. तेल कंपन्यांच्या जाहिरातींत फायर अँड सेफ्टीच्या पदवीची स्पष्ट मागणी कधीकधी असते, त्या जागा चांगल्या असतात आणि मोजक्या असतात.

ज्याला खरोखर बंबावर चढायचे आहे त्याला ही खासगी पदवी लागतच नाही. मुंबईत कालिन्याला महाराष्ट्र अग्निशमन सेवेची अकादमी आहे, तिथे अग्निशामकाचा सहा महिन्यांचा आणि उपअधिकाऱ्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो, आणि महापालिकांच्या भरतीत हेच अभ्यासक्रम ओळखले जातात. शारीरिक चाचणी कडक असते. साडेअकरा लाख खर्चून महापालिकेच्या भरतीत उभे राहिलेले पदवीधर मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या शेजारी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून आलेली मुले धावण्यात त्यांच्या पुढे असतात.

तालुक्याच्या ठिकाणी मिठाईच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर चालणाऱ्या ‘फायर अँड सेफ्टी डिप्लोमा, शंभर टक्के नोकरी’ अशा वर्गांबद्दल एवढेच लिहितो की माझ्या पुतण्याने असा एक केला, त्याला शिरस्त्राण घातलेला फोटो आणि सोनेरी कडांचे प्रमाणपत्र मिळाले, आणि पहिल्याच मुलाखतीत ते प्रमाणपत्र कोणत्या मंडळाचे आहे या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते. पंचेचाळीस हजार रुपये गेले.

पदवी कुठे वसूल होते तेही सांगितले पाहिजे, नाहीतर हे परीक्षण एकांगी होईल. मुंबई-पुण्यातल्या उंच इमारतींच्या आगविझवणी यंत्रणेचा आराखडा करणाऱ्या सल्लागार कंपन्यांमध्ये ज्याला नळ्यांचे गणित, धुराचे नियंत्रण आणि इमारत संहिता एकत्र कळते अशा माणसाला किंमत आहे, आणि तिथे मेकॅनिकलवाल्याला हे सगळे नव्याने शिकावे लागते. तिच्या पदवीच्या वर्गातला एक मुलगा असे आराखडे करतो आणि पाचव्या वर्षी तिच्याहून बराच पुढे गेला आहे. विमा कंपन्यांसाठी कारखान्यांची जोखीम तपासणाऱ्यांनाही ही पदवी कामी येते. आखाती देशांत मागणी आहे, पण तिथले मालक पदवीबरोबर सुरक्षेचे ब्रिटिश नेबॉश प्रमाणपत्र मागतात, त्याचा खर्च वेगळा. आणि ज्याला या विषयात खरा रस आहे त्याच्यासाठी पुढचे शिक्षण परदेशात आहे. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात अग्निसुरक्षा अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे, आणि युरोपात गेंट, लुंड आणि एडिंबरा ही तीन विद्यापीठे मिळून एक पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवतात, ज्याला शिष्यवृत्त्याही आहेत. त्या वाटेवर भारतातली ही पदवी पायरी म्हणून चांगली उभी राहते.

त्यामुळे पाचपैकी तारे द्यायचेच झाले तर नागपूरच्या किंवा कोचीच्या पदवीला मी चार देईन, कारण तिथे किंमत कमी आणि नाव मोठे आहे. दहा लाखांच्या पुढे जाणाऱ्या खासगी पदवीला अडीच. त्यांपैकी दोन तारे अभ्यासक्रमाचे आणि अर्धा माझ्या मुलीच्या गळती शोधण्याचा. आराखड्याच्या कामात जायचे असे ज्याचे ठरलेले आहे त्याने ती घ्यावी, आणि घेण्याआधी त्या महाविद्यालयाच्या पाच वर्षांपूर्वीच्या तुकडीतले चार विद्यार्थी शोधून ते आज कुठे आहेत हे स्वतः फोन करून विचारावे. या वर्षीच्या तुकडीला विचारून उपयोग नसतो, त्यांना पहिली नोकरी मिळालेली असते आणि ती एकवीस हजारांचीच असते. ज्याला माझ्यासारखी सुरक्षा अधिकाऱ्याच्या सहीची भुरळ पडली आहे त्याने जवळच्या शासकीय महाविद्यालयात मेकॅनिकल किंवा केमिकल घ्यावे.

मुलीच्या नेमणुकीनंतर पंधरा दिवसांनी तिने आपल्या कारखान्यातला पहिला हॉट वर्क परमिट सही केला. सही करण्याआधी टाकीत वायू उरला आहे का ते तपासायला लावले, आगविझवणीचे सिलिंडर जवळ आणायला लावले आणि त्याची पिन स्वतः हलवून पाहिली. वेल्डर वैतागला होता, असे तिने फोनवर सांगितले, आणि तिला त्याचा आनंद झालेला मला ऐकू आला. ऑगस्ट २०२४ पासून हप्ता ती स्वतः भरते आहे. चौऱ्याऐंशीवा आणि शेवटचा हप्ता जानेवारी २०२९ मध्ये आहे, वहीची पाने तोवर पुरतील.